भोपळ्याला लावलेला गाल

मंडळी, धीर हा सगळ्या गुणांचा राजा आहे. ज्यानं धीर धरला त्यानं सगळं मिळवलं; ज्याचा सुटला, त्याच्या हातात आलेलंही गेलं. हे वाक्य मी गेली बावीस वर्षं कीर्तनात म्हणतो आहे. लोक माना डोलावतात. मागच्या रांगेतले तर इतक्या धीरानं डोलावतात, की काहींच्या माना शेवटी छातीवर येऊन तिथंच मुक्काम करतात.

आता आजचंच घ्या. पत्रिकेत छापलंय, सायंकाळी सात. मी पावणेसातला फेटा बांधून तयार! मग कळलं, समई लावायला ज्या साहेबांना बोलावलंय ते अजून निघायचेत. मग कळलं, निघाले. मग कळलं, निघाले म्हणजे अंघोळीला निघाले. सव्वाआठला ते आले, आणि आल्या आल्या माईकवरून म्हणाले की महाराजांनी फार वेळ घेऊ नये. मंडळी, त्या सव्वा तासात मंडपामागे उभं राहून मी ज्या शब्दांत त्यांची आठवण काढली, ते शब्द ह्या पवित्र जागी काढण्यासारखे नाहीत. तेव्हा धीराबद्दल बोलायचा माझा अधिकार किती, ते तुम्हीच ठरवा.

पण प्रश्न तो नाहीच! धीर धरावा, हे कबूल. प्रश्न असा, की धीर धरावा कुठे? आणि धरावा कुणाच्या जिवावर? घरातला एक माणूस मोठ्या शांतपणे धीर धरून बसलेला असतो, तेव्हा त्याच घरात दुसरं कुणीतरी नुसतंच ताटकळत असतं. त्याला आपण काय म्हणतो? काहीच म्हणत नाही. त्याला नाव नाही. तर ऐका.

ही आमच्या विणेकरीबुवांच्या गळ्यातली वीणा बघा. बुवा, तुम्ही नका बघू, तुम्ही उभे राहा. ही वीणा मिरजेची. तंबोरे, सतारी, वीणा — सगळं मिरजेच्या गल्लीत होतं. गल्लीत शिरलात की दोन्ही बाजूंना भोपळे टांगलेले, लाखेचा वास, आणि प्रत्येक दुकानातून कुणीतरी तीच ती तार छेडतोय. छेडतोय आणि थांबतोय. छेडतोय आणि थांबतोय. नव्या माणसाला वाटतं, ह्यांना पुढचं येत नाही की काय?

त्या गल्लीत एक माणूस होता, माणिक सुतार. वडील दारं-खिडक्या आणि देव्हारे करायचे. माणिक एकोणीस वर्षांचा असताना वडिलांनी त्याला दस्तगीरचाचांच्या दुकानात पाठवलं. काम एवढंच, की एका तंबोऱ्याला लाकडी पेटी हवी होती, तिचं माप घेऊन यायचं. हा गेला. चाचा तंबोरा लावत होते. हा दारात उभा राहिला, तासाभरानं घरी आला आणि माप विसरून आला. वडिलांनी परत पाठवलं. परत विसरून आला. तिसऱ्यांदा पाठवलं, तेव्हा तो आलाच नाही. दुकानाची फरशी झाडत बसला होता.

आता दस्तगीरचाचा कोण? तर सगळ्या गल्लीत जवारीला त्यांच्यासारखा हात नव्हता. जवारी म्हणजे काय? सांगतो. तंबोऱ्याच्या तारा भोपळ्याकडच्या बाजूला एका हाडाच्या पट्टीवरून जातात. तिला घोडी म्हणतात. दिसायला सपाट, पण सपाट नसते. तिला नखाच्या जाडीहूनही कमी असा उतार असतो. त्या उतारावर तार किंचित घासली, की सूर भरून येतो, खोली भरल्यासारखं वाटतं. नाही घासली, तर नुसतं टण्. हा उतार कानसेनं घासून आणायचा, म्हणजे जवारी काढायची. आणि कानस एकदा जास्त फिरली, की झालं! ती घोडी गेली. तिथं खोडरबर नाही.

चाचांनी माणिकला पहिली दोन वर्षं भोपळे दिले. भोपळा भिजवायचा, आतला गर खरवडून काढायचा, सावलीत वाळवायचा. दोन वर्षं! आजकाल दोन वर्षांत माणूस डिप्लोमा करतो आणि तिसऱ्या महिन्यात तोच विषय शिकवायचा क्लास काढतो. पुढची दोन वर्षं तंबोऱ्याची दांडी कोरणं. आणि मग तीन वर्षं जवारी. पण कानस हातात नाही! चाचा स्वतः कानस दोनदा फिरवायचे, तार छेडायचे आणि विचारायचे, "फरक ऐकलास?" माणिक म्हणायचा, हो. चाचा म्हणायचे, मग जा, भोपळे धू. असं वर्षभर चाललं. एक दिवस कंटाळून, रडकुंडीला येऊन माणिक म्हणाला, "नाही चाचा. मला काहीच ऐकू आलं नाही."

चाचांनी कानस त्याच्या हातात दिली. म्हणाले, "आता शिकशील."

बघा मंडळी! ह्याला म्हणतात गुरू. सात वर्षांत माणिक असा तयार झाला, की भिंतीपलीकडे कुणी तंबोरा लावत असेल तर हा इकडे जेवता जेवता सांगायचा, दुसरी तार उतरली आहे. आणि ती उतरलेली असायची. असा कान!

मग चाचांच्याच आशीर्वादानं त्यानं गल्लीच्या टोकाला स्वतःचं दुकान टाकलं. पुढे दुकान, मध्ये एक पडदा, मागे दोन खोल्यांचं घर. लग्न झालं. बायको उज्ज्वला, जयसिंगपूरकडची, दहावी शिकलेली, हुशार. तिनं सहा महिन्यांत तारा ओवणं शिकून घेतलं, खुंट्यांना खडू लावणं शिकून घेतलं, लांबच्या गिऱ्हाइकांचे फोन घेणं, वाद्य कापडात आणि गवतात बांधून पेटीत बसवणं, सगळं. माणिक बोलायला भिडस्त. गिऱ्हाईक ‘उद्या द्या’ म्हणालं की हा मान खाली घालायचा, आणि पडद्याआडून उज्ज्वला सांगायची, दोन महिने लागतील, हवं तर थांबा. गिऱ्हाईक थांबायचं. दुकान दोघांचं होतं. पाटीवर नाव एकाचं होतं. त्यात विशेष काही नाही, आपल्या गावातल्या कुठल्याही पाटीकडे बघा.

माणिक सकाळी सातला पडद्याच्या पुढे यायचा, आणि जेवण्या-झोपण्यापुरता पडद्याच्या मागे जायचा. पडदा किती लांब? एक पाऊल! मंडळी, माणसं नोकरीसाठी दुबईला जातात, वर्षातून एकदा येतात, त्यांच्या बायकांना निदान ठाऊक असतं की नवरा दुबईला आहे. उज्ज्वलाचा नवरा एका पावलावर होता.

मुलगी झाली. ईश्वरी. गोरीपान, टपोऱ्या डोळ्यांची, आणि भारी शांत. रडायची कमी, झोपायची गाढ. दुकानात ठोकाठोक चालू असो, रंधा चालू असो, हिची झोप मोडत नसे. माणिकची आई कौतुकानं सांगायची, कारागिराची पोर आहे, पोटातूनच सवय घेऊन आलीय.

आता इथं आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माणिक दुकानातून बाहेर पडल्यावर एखाददोन वर्षांत दस्तगीरचाचांनी एक नवी रीत काढली होती. तंबोरा तयार झाला, की ते भोपळ्याला गाल लावायचे, डोळे मिटायचे, तार छेडायचे आणि बराच वेळ तसेच राहायचे. मग मान हलवायचे किंवा कानस मागायचे. पुण्या-मुंबईचे गवई समोर बसून हे बघायचे आणि त्यांच्या अंगावर काटा यायचा. म्हणायचे, चाचा आता कानानं नाही, आत्म्यानं ऐकतात! कुणीतरी त्याचे फोटो काढले. गल्लीतल्या बाकीच्या कारागिरांनीही गाल लावायला सुरुवात केली. न लावून सांगतात कुणाला? गिऱ्हाईकच विचारायचं, तुम्ही गाल लावत नाही का? माणिकनंही लावून बघितला. त्याला भोपळ्याचा गारवा लागला, थोडी थरथर लागली, आणि लाखेचा डाग लागला. पण हे तो कुणाला बोलला नाही. त्याला वाटलं, आपली अजून ती पायरी आलेली नाही. धीर धरावा.

ईश्वरी सव्वा वर्षाची झाली, चालायला लागली. एक दिवस माणिक तंबोरा लावत असताना ती पडद्याखालून आली, लटपटत त्याच्यापर्यंत पोहोचली आणि कुणी न शिकवता तिनं भोपळ्याला गाल लावला. माणिकनं तार छेडली. पोरीचा चेहरा असा फुलला, की काय सांगावं! तार थांबली की ती बापाच्या हाताकडे बघायची. पुन्हा छेडली की पुन्हा हसायची.

माणिकच्या डोळ्यांत पाणी आलं. सात वर्षं भोपळे धुऊन, फरशा झाडून त्याला जे मिळालं नाही, ते पोरगी जन्मतः घेऊन आली होती! त्यानं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. लोक पोरीला बघायला येऊ लागले. ‘छोटे चाचा’ म्हणायला लागले तिला.

उज्ज्वलानं पेढे वाटले, पण तिच्या मनात एक खडा होता. ईश्वरी दीड वर्षाची झाली तेव्हा तिनं माणिकला सांगितलं, की हाक मारली तर ही वळत नाही. माणिक हसला. म्हणाला, तिचं लक्ष सुरात असतं, तुझ्या हाकेत काय सूर आहे?

दोन वर्षांची झाली. शेजारच्या घरातली तिच्याएवढी मुलं चार शब्द बोलत होती. ही अवाक्षरही काढत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, माणिकसुद्धा उशिरा बोलला. उज्ज्वलानं एक दिवस पितळी परात घेतली आणि पोरीच्या पाठीमागे फरशीवर टाकली. शेजारचं तान्हं भिंतीपलीकडे किंचाळत उठलं. ईश्वरी समोरच्या चेंडूशी खेळत होती, ती खेळतच राहिली. उज्ज्वला तशीच पडद्याबाहेर आली. म्हणाली, मी परात टाकली, हिला कळली नाही.

माणिकनं काय करावं? त्यानं तंबोरा घेतला. म्हणाला, बघ. पोरीच्या समोर बसून तार छेडली. पोरीनं त्याचा हात हललेला बघितला, धावत आली, गाल लावला, हसली.

"आता बोल," माणिक म्हणाला. "बहिरी पोर तंबोऱ्यापाशी धावत येते काय?"

ह्या माणसाचा कान सगळी गल्ली मानत होती. उज्ज्वला दहावी शिकलेली. तिनं परात उचलली आणि आत गेली. मंडळी, तिचं म्हणणं खरं होतं, आणि त्या दिवशी तिला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. तज्ज्ञ माणसाशी संसार करण्यात हा एक मोठा धोका असतो.

तरी ती गप्प बसली नाही. अडीचला म्हणाली, तीनला म्हणाली, एकदा डॉक्टरला दाखवू. माणिक नाही म्हणाला नाही, हे लक्षात घ्या! वाईट नवरा असता तर नाही म्हणाला असता, भांडण झालं असतं, आणि भांडणाच्या रागात ती एकटी उठून दवाखान्यात गेली असती. हा चांगला नवरा. तो म्हणायचा, जाऊ की. दोघं जाऊ. ही ऑर्डर गेली की जाऊ. ऑर्डर गेली की दुसरी आलेली असायची, आणि तिच्या तारा उज्ज्वलालाच ओवायच्या असायच्या. तोही कसा समजावायचा तिला! म्हणायचा, "मला जवारी ऐकू यायला सात वर्षं लागली, उज्ज्वला. ही तर तीन वर्षांची आहे. आधी कान पिकतो, मग जीभ सुटते. घाई केली की वस्तू बिघडते."

घोडीच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे.

ईश्वरी चार वर्षांची झाली. इशाऱ्यांनी सगळं सांगायची. भूक लागली की पोटावर हात, बाप हवा की छातीवर तार छेडल्यासारखी बोटं. माणिकला ते फार गोड वाटायचं. त्याच सुमाराला त्याला आयुष्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर मिळाली. एका संगीत विद्यालयाला दहा तंबोरे. आठ महिने नवरा-बायको त्या दहा तंबोऱ्यांवर खपले. जायच्या दिवशी, दुपारी, माणिकनं दस्तगीरचाचांना बोलावलं. गुरूनं एकदा हात फिरवला की तो सुटणार. टेम्पो चारला यायचा होता.

चाचा आले. पंच्याहत्तरीचे, काठी टेकत. बसले. पहिला तंबोरा पुढ्यात घेतला, भोपळ्याला गाल लावला, डोळे मिटले. तेवढ्यात पडद्याखालून ईश्वरी आली आणि त्याच भोपळ्याच्या दुसऱ्या बाजूला तिनं आपला गाल लावला. एक भोपळा — अलीकडे पांढरी दाढी, पलीकडे साडेचार वर्षांचा गाल!

माणिक म्हणाला, चाचा, बघा, तुमचीच सवय उचललीय हिनं. चाचा काही बोलले नाहीत. माणिकला वाटलं, सुरात आहेत. पुन्हा म्हणाला. तरी नाही. पण चाचांनी डोळे उघडले आणि समोर पोर बघितली. बघतच राहिले.

मग त्यांनी तार छेडली. पोर हसली. त्यांनी हलक्या हातानं पोरीचा गाल भोपळ्यापासून दूर केला, आपल्या उपरण्यानं तारांवरचा हात झाकला आणि पुन्हा छेडली. पोर त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. पुन्हा छेडली. पोरीच्या चेहऱ्यावर काही नाही. गाल परत टेकवला, छेडली. हसली. दूर केला. काही नाही. असं चारदा.

चाचांनी तंबोरा आडवा ठेवला. म्हणाले, "माणिक, दार लाव."

माणिकनं दार लावलं.

"मला ऐकू येत नाही," चाचा म्हणाले. "सहा वर्षं झाली. हाडाला लावलं तर थोडी थरथर कळते, बाकीचं हाताच्या सवयीनं करतो. दुकान बंद पडलं असतं, म्हणून बोललो नाही. तुझ्या पोरीला सूर कळत नाही, बाळ. ती माझ्यासारखी चाचपून बघतेय."

ज्या माणसानं त्याला ‘ऐकू आलं नाही’ म्हणायला शिकवलं, त्या माणसाला स्वतःला ते म्हणायला सहा वर्षं लागली होती. आणि सगळी गल्ली त्याच्या मागे भोपळ्यांना गाल लावत होती!

पडदा हलला. उज्ज्वला उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तुम्ही म्हणाल, आता ती बोलणार, तीन वर्षांचं सगळं बाहेर काढणार. काही नाही. तिनं पोरीला कडेवर घेतलं, दारातल्या चपला पायात सरकवल्या.

आणि मंडळी, आता माणिक काय म्हणाला ते ऐका. मी हे त्याच्याच तोंडून ऐकलंय. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. तो म्हणाला, "टेम्पो चारला येतोय. उद्या सकाळी पहिल्यांदा—"

वाक्य पुरं व्हायच्या आत ती दाराबाहेर होती. तेव्हा कुठे त्याला आपणच काय बोललो ते ऐकू आलं. तो अनवाणी मागे धावला. रिक्षाच्या थांब्यावर गाठलं. ती रिक्षात बसली होती. थोडी आत सरकली, त्याला जागा केली. पोर रिक्षाच्या लोखंडी दांडीला गाल लावून बसली होती आणि हसत होती.

दवाखान्यात तपासणी झाली. कानाची डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, वय काय? उज्ज्वला म्हणाली, चार वर्षं आठ महिने. डॉक्टरनं विचारलं, इतके दिवस काय करत होता तुम्ही?

माणिक म्हणाला, "धीर धरला होता."

डॉक्टरनं कागदावरची मान वर केली नाही. असं उत्तर तिला रोजच मिळत असावं. तिनं समजावून सांगितलं. दोन वर्षांची असताना आणली असती तर गोष्ट वेगळी होती. ऐकायला शिकायचं मेंदूचं एक वय असतं, ते निघून चाललंय. आता यंत्र लावू. काही आवाज पोहोचतील, काही नाही. बोलेल थोडंफार, घरच्यांनी रोज मेहनत घेतली तर. वेळ लागेल, तिनं म्हटलं. धीर ठेवावा लागेल.

माणिक हसला म्हणे. उज्ज्वलाला त्याचं ते हसणं अजून आठवतं.

यंत्र बसवलं त्या दिवशी माणिकनं घरातला सगळ्यात चांगला तंबोरा काढला. स्वतःच्या हातची जवारी, सात वर्षांची विद्या आणि वर आठ वर्षांचा हात. पोरीच्या समोर बसला आणि छेडला. त्याला वाटलं असेल, आता उजाडेल. पोर दचकली. रडायला लागली, कानातलं यंत्र ओरबाडून काढलं आणि फेकलं. तिच्या यंत्रातून तो तंबोरा कसा पोहोचला असेल? पत्रा फाडल्यासारखा असेल. मग रडत रडतच ती पुढे आली आणि तिनं भोपळ्याला गाल लावला.

माणिक आता रोज चार वाजता दुकान बंद करतो. पोरीसमोर बसतो आणि तोंड मोठं करून एकेक शब्द म्हणतो. पाणी. पाणी. पाणी. कर्णबधिर मुलांच्या शाळेच्या बाईंनी सांगितलंय, हजार वेळा. तो हजार वेळा म्हणतो. ह्या कामाला त्याच्यासारखा माणूस मिळणार नाही, असं बाई सगळ्यांना सांगतात. चौदा महिन्यांनी ती म्हणाली, "पा-ई." उज्ज्वला आनंदानं रडली. माणिकही रडला, पण त्याचा कान तोच आहे ना! त्याला त्या दोन अक्षरांत नेमकं काय-काय नाही, ते सगळं ऐकू आलं.

दस्तगीरचाचा पुढच्या वर्षी गेले. गुपित माणिकनं त्यांच्या हयातीत फोडलं नाही. नंतर सांगितलं तर कुणी विश्वास ठेवला नाही. चाचांच्या पुण्यतिथीला त्यांचा भोपळ्याला गाल लावलेला मोठा फोटो लावतात, हार घालतात. उज्ज्वलानं माणिकला कधी बोल लावला नाही. तारा ओवते, फोन घेते, गिऱ्हाइकांना दोन महिने थांबायला सांगते. फक्त घरातलं काही असलं, मुलीची फी, गॅस, आजारपण, तर ती आता त्याला विचारत नाही. स्वतः जाऊन करून येते आणि मग सांगते. त्याला हे कळतं.

मंडळी, तुम्ही म्हणाल, महाराज, गोष्ट मिरजेची आहे, आम्ही इथं ऊस लावतो, दुकानं चालवतो, पिठाच्या गिरण्या चालवतो, आमचा काय संबंध? अहो, धंदा बदलतो, वाक्य तेच असतं! हंगाम झाला की बघू. दुकान लाईनीवर आलं की बघू. एवढं टेंडर निघू दे. हात शिकायला वर्षं लागतात, खरं आहे. त्या वर्षांना कुणी जवळची वाट काढू शकत नाही, आणि काढूही नये. चांगला कारागीर तोच, जो कानस थांबवू शकतो. पण पोर म्हणजे सावलीत वाळायला ठेवलेला भोपळा नव्हे! हाडाची पट्टी थांबते तुमच्यासाठी. तुम्ही चार महिन्यांनी परत हातात घेतलीत तरी ती तिथंच असते. घरातलं माणूस तिथं नसतं. ते पुढे गेलेलं असतं, नाहीतर मागे राहिलेलं असतं.

आणि तुमच्या घरी तुम्हाला एखादी गोष्ट तीनदा सांगून झालेली कोण आहे? आता लगेच शेजारी बघू नका. समोर बघा. बायकांच्या बाजूला कुणी हसू नका, तुमच्यातही माणिक आहेत. ज्याचा हात चालतो त्याचा कान बंद होतो, मग ते बाईचं पार्लर असो नाहीतर पुरुषाचं गॅरेज. कबूल असेल तर नाव घ्या विठ्ठलाचं, आणि मोठ्यानं घ्या. म्हणजे निदान शेजारच्याला ऐकू येतं की नाही ते कळेल.

बसा, बसा. आरती व्हायची आहे. जाता जाता व्यवस्थापकांनी एक चिठ्ठी दिलीय, ती वाचतो. लहान मुलांच्या कानांची तपासणी आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी असते. पैसे पडत नाहीत. दहा मिनिटं लागतात. केसपेपर अकरा वाजता बंद होतो.